संगणक सुरू होताना समोर येणारी यादी कोणाची?

एका संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे प्रणाली, बसवता येतात, पण एका वेळी चालते एकच. कोणती चालायची हे बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत ठरते आणि त्यासाठी पडद्यावर एक छोटी यादी येते. वर ‘उबुंटू’ हे लिनक्स, खाली ‘विंडोज बूट मॅनेजर’. बाणाच्या कळीने खाली-वर व्हायचे आणि एंटर दाबायचे. एवढ्यात अवघड काही नाही. घोटाळा होतो तो यादी आलीच नाही तर, किंवा आली पण नको ते नाव आपोआप निवडले जाऊ लागले तर. मग सेटिंग शोधायला सुरुवात होते आणि बहुतेक वेळा ते भलत्याच जागी शोधले जाते. कारण अशी यादी दाखवणारे तिघे आहेत: मदरबोर्डवरचे फर्मवेअर, लिनक्सबरोबर येणारा ग्रब आणि विंडोजचा स्वतःचा बूट मॅनेजर. तिघांच्या याद्या निरनिराळ्या, त्यांची सेटिंग निरनिराळ्या ठिकाणी, आणि एकाच्या यादीत काय आहे याचा दुसऱ्याला पत्ता असेलच असे नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी समोरची यादी या तिघांपैकी कोणाची, हे पाहावे.

दोन प्रणाली कोणाला लागतात

दोन प्रणाली ठेवण्यामागे बहुधा एखादे न सुटणारे सॉफ्टवेअर असते. मराठी छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत ते पेजमेकर आणि श्रीलिपी असते. जुन्या दिवाळी अंकांच्या, लग्नपत्रिकांच्या, वार्षिक अहवालांच्या फायली श्रीलिपीच्या फॉन्टांत पडून असतात. त्या फायली लिनक्समध्ये उघडल्या तर देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे गिचमिड दिसते, कारण ते युनिकोड नव्हे. हिशेबाच्या टेबलावर टॅली असते आणि तीही विंडोजचीच. उलट प्रोग्रॅमिंग किंवा सर्व्हरचे काम शिकणाऱ्याला लिनक्स लागते.

२०२५ नंतर यात आणखी एका गटाची भर पडली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर त्या विंडोजला चालत नाहीत. त्यामुळे एरवी धडधाकट असलेले अनेक लॅपटॉप अधांतरी राहिले. अशा यंत्रावर बँकेची, मेलची, इंटरनेटची सगळी कामे लिनक्समध्ये करावीत आणि जुन्या सॉफ्टवेअरपुरते विंडोज १० ठेवून त्यात इंटरनेट बंद करावे, ही वाटणी शहाणपणाची आहे.

ज्याला लिनक्स नुसते पाहायचे आहे त्याने मात्र एवढा खटाटोप करू नये. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येते आणि पेनड्राइव्ह काढला की संगणक होता तसा राहतो. सीडॅकने डेबियनवर बेतलेली ‘बॉस’ ही मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली प्रणालीही अशीच पारखून घेता येते. ज्याचे दोन्हींकडचे काम हलके आहे आणि रॅम १६ जीबी आहे, त्याला व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरात एका प्रणालीच्या खिडकीत दुसरी चालवणे सोयीचे पडते. दोन प्रणालींच्या संगणकात इकडून तिकडे जायचे म्हणजे उघडलेले सगळे बंद करून यंत्र पुन्हा सुरू करायचे. हे दिवसातून चार वेळा करावे लागत असेल तर तो उपाय नव्हे, वैताग आहे.

पहिली यादी: फर्मवेअरची

बटण दाबल्यावर सर्वांत आधी जागे होते ते फर्मवेअर. जुन्या संगणकांत ते बायोस असे. बायोसचे ज्ञान तोकडे होते: हार्ड डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचे आणि तिथे जो कार्यक्रम असेल त्याच्या हाती संगणक सोपवायचा. या ५१२ बाइटांतले ६४ बाइट पार्टिशनच्या चार नोंदींना आणि २ बाइट खुणेला जात. कार्यक्रमाला उरत ४४६. एवढ्या जागेत एकाच प्रणालीचा दारवान मावे. विंडोज नंतर टाकले की ते तिथला लिनक्सचा कार्यक्रम न विचारता पुसून आपला लिही आणि लिनक्स डिस्कवर जसेच्या तसे असूनही त्यात शिरायला वाट उरत नसे. आधी विंडोज, मग लिनक्स हा नियम त्या काळातला.

विंडोज ८ आले त्या २०१२ च्या सुमारापासून नव्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली. (दुकानदार आणि दुरुस्ती करणारे अजून त्यालाही बायोसच म्हणतात, त्याने काही अडत नाही.) यूईएफआयला फोल्डर आणि फायली वाचता येतात. डिस्कवर ईएसपी नावाचे एक छोटे फॅट३२ पार्टिशन असते, विंडोजने केलेले असेल तर बहुधा १०० एमबीचे. त्यात मायक्रोसॉफ्टचा एक फोल्डर, उबुंटूचा दुसरा, फेडोराचा तिसरा असे शेजारी शेजारी नांदतात. कोणाला आधी हाक मारायची याची क्रमवारी फर्मवेअर मदरबोर्डवरच्या स्मृतीत ठेवते. त्यामुळे आता कोणी कोणाला पुसत नाही. फार तर क्रमवारीत कोणी पुढे घुसतो. आधी विंडोज हा नियम अजूनही सोयीचा आहे, पण मोडला तर पूर्वीसारखे आभाळ कोसळत नाही.

ही क्रमवारी कायमची न बदलता फक्त त्या वेळेपुरती निवड करायची असेल तर फर्मवेअरची यादी बोलवावी लागते. त्यासाठी यंत्र सुरू करताच एक ठरलेली कळ टिचकीसारखी पुन्हा पुन्हा दाबायची. डेल आणि लेनोव्होला ती एफ१२ आहे. एचपीला आधी एस्केप आणि मग एफ९. आसुसच्या लॅपटॉपला एस्केप, तर त्यांच्या डेस्कटॉप मदरबोर्डला एफ८. एसरलाही एफ१२ च, पण त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत ती कळ आधी सेटअपमध्ये जाऊन चालू करावी लागते. लेनोव्होच्या अनेक आयडियापॅडांना कडेला एक बारीक भोक असते. यंत्र बंद असताना त्यात टाचणी घालून दाबली की एक मेन्यू येतो आणि त्यातून हीच यादी उघडता येते. अनेकांना ते भोक रीसेटचे वाटते. लॅपटॉपवर वरच्या ओळीच्या कळा आवाज आणि प्रकाश कमीजास्त करण्याला जोडलेल्या असल्या तर एफएनची कळ सोबत धरावी लागते.

नवे लॅपटॉप इतक्या झटकन सुरू होतात की कळ दाबायला सवडच मिळत नाही. त्यावर उपाय विंडोजमध्येच आहे. स्टार्ट मेन्यूतले ‘रीस्टार्ट’ शिफ्टची कळ धरून दाबावे. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ असा पर्याय येतो आणि त्याखाली अनेक यंत्रांवर उबुंटूचे नाव दिसते. ते निवडले की पुढच्या एका वेळेपुरते यंत्र तिकडे जाते.

दुसरी यादी: ग्रब

काळा किंवा गडद जांभळा पडदा, पांढरी अक्षरे, भोवती साधी चौकट आणि खाली इंग्रजीत ‘इतक्या सेकंदांत निवडलेली नोंद सुरू होईल’ अशा अर्थाची ओळ: हा ग्रब. ‘ग्रँड युनिफाइड बूटलोडर’चे हे लघुरूप. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला. आज बहुतेक लिनक्स वितरणे त्याची दुसरी आवृत्ती वापरतात. दोन प्रणालींच्या संगणकावर रोज जी यादी दिसते ती शंभरातल्या बहुतेक वेळा हीच.

ग्रबच्या यादीत नावे दिसतात त्याहून थोडी जास्त असतात. उबुंटूवर पहिली ओळ उबुंटूची. दुसरी ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ची; तिच्या पोटात जुन्या कर्नेलच्या आणि दुरुस्तीच्या नोंदी. मग विंडोज, आणि शेवटी फर्मवेअरच्या सेटअपमध्ये जाण्याची ओळ. खालचे सेकंद उलटे मोजले जात असतात, पण बाणाची कोणतीही कळ दाबली की मोजणी थांबते आणि मग विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. हे ठाऊक नसल्याने कित्येक जण दहा सेकंदांत घाईघाईने भलतेच निवडून बसतात.

वायरलेस कीबोर्डवाल्यांनी इथे एक लक्षात ठेवावे. ज्याची छोटी पट्टी यूएसबीत खोचलेली असते तो कीबोर्ड या पडद्यावर चालतो. ब्लूटूथचा सहसा चालत नाही, कारण ब्लूटूथ जागे करणारी प्रणाली अजून सुरूच झालेली नसते. वायरीचा एक स्वस्त कीबोर्ड घरात असू द्यावा.

आपोआप कोणते नाव निवडले जावे आणि किती सेकंद थांबावे, हे ग्रबला सांगण्याची जागा लिनक्समध्ये आहे, विंडोजमध्ये नाही. ‘ईटीसी’ फोल्डरात ‘डिफॉल्ट’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘ग्रब’ नावाची साधी मजकुराची फाइल. त्या फाइलमध्ये ‘ग्रब टाइमआउट’च्या पुढे सेकंद लिहायचे. शून्य लिहिले तर यादी न दाखवता यंत्र पुढे जाते; उणे एक लिहिले तर माणूस एंटर दाबेपर्यंत ते थांबून राहते. घरात दोघे जण संगणक वापरत असतील आणि प्रत्येकाला वेगळी प्रणाली हवी असेल, तर उणे एक उत्तम. एरवी पाच सेकंद पुरतात.

‘ग्रब डिफॉल्ट’च्या पुढे नोंदीचा क्रमांक लिहितात, आणि इथे एक हमखास चूक होते: मोजणी शून्यापासून असते. विंडोज वरून तिसरे असेल तर लिहायचे २. ही पद्धत चालते, पण भरवशाची नाही. मध्ये एखादी नोंद वाढली किंवा गळली की क्रमांक सरकतात आणि एके सकाळी विंडोजऐवजी मेमरी तपासण्याचा कार्यक्रम सुरू होतो. त्यापेक्षा क्रमांकाच्या जागी ‘सेव्हड’ लिहावे आणि खाली ‘ग्रब सेव्हडिफॉल्ट’ हे ‘ट्रू’ करावे. मग मागच्या वेळी जे निवडले होते तेच पुढच्या वेळी आपोआप निवडले जाते. आठवडाभर विंडोजवर अंकाचे काम चालू असेल तर रोज बाण दाबायचा त्रास वाचतो. बूटचा फोल्डर बीटीआरएफएस किंवा एलव्हीएम पद्धतीच्या पार्टिशनवर असेल तर ही युक्ती लागू पडत नाही, कारण निवड तिथे लिहून ठेवणे ग्रबला जमत नाही. साध्या ईएक्सटी४ वर अडचण नाही.

फाइल नुसती जतन करून भागत नाही. उबुंटू, मिंट, डेबियन यांत टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी लागते, तेव्हा खरी यादी नव्याने तयार होते. फेडोरात त्याच कामाच्या आज्ञेचे नाव ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’ आहे. आज्ञा चालत असताना पडद्यावर सापडलेल्या प्रणालींची नावे एकेक ओळीने उमटतात. त्यात विंडोजची ओळ आली का, हे तिथेच पाहून घ्यावे. न आल्यास कारण बहुधा एकच असते. इतर प्रणाली शोधण्याचे काम ‘ओएस-प्रोबर’ नावाचा वेगळा कार्यक्रम करतो. २०२१ मध्ये आलेल्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब सुरक्षेच्या कारणाने त्याला आपणहून बोलवत नाही. काही वितरणे तो चालू करून देतात, काही देत नाहीत. त्याच फाइलमध्ये ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ हे ‘फॉल्स’ केले आणि आज्ञा पुन्हा दिली की विंडोज यादीत हजर होते.

तिसरी यादी: विंडोजची

विंडोजची यादी दिसते ती एकाच संगणकावर दोन विंडोज असतील तेव्हा, म्हणजे समजा १० आणि ११. लिनक्स तिच्यात आपोआप येत नाही. म्हणून उबुंटू टाकल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचे नाव शोधण्यात अर्थ नाही. एक्सपीच्या दिवसांत ही यादी सी ड्राइव्हवरच्या ‘बूट डॉट आयएनआय’ या फाइलमध्ये असे आणि नोटपॅडने बदलता येई. व्हिस्टापासून ती बीसीडी नावाच्या बंद कोठारात गेली. आता ‘ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’मधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त आपोआप सुरू होणारी विंडोज आणि थांबण्याचा वेळ ठरवतात. मुळात तो ३० सेकंद असतो. १० पुरेसे आहेत.

विंडोज ८ पासून आलेल्या निळ्या, मोठ्या चौकोनांच्या यादीला एक खोड आहे. ती दिसेपर्यंत एक विंडोज बरीचशी सुरू झालेली असते, त्यामुळे दुसरी निवडली की यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जुनी काळी यादी परत आणता येते आणि तिच्यात ही उठबस होत नाही.

तीन याद्यांचा हा घोळ ॲपलच्या मॅकवर नाही. तिथे यादी एकच, ॲपलची. इंटेलच्या मॅकवर सुरू करताना ऑप्शनची कळ धरली की डिस्कची चित्रे येतात. २०२० पासूनच्या ॲपल चिपच्या मॅकवर पॉवरचे बटणच दाबून धरायचे असते. विंडोज बसवण्याची बूट कॅम्पची सोय इंटेलच्या मॅकपुरतीच होती. नव्या मॅकवर ती नाही.

दुसरी प्रणाली टाकण्याआधी

बॅकअप घ्यावा, हे सगळे सांगतात. त्याच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट क्वचित सांगितली जाते: बिटलॉकरची रिकव्हरी की. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या यंत्रावर डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. मालकाला त्याची कल्पना नसते, कारण रोज ते कुलूप आपोआप उघडते. पण फर्मवेअरमधले एखादे सेटिंग बदलले, किंवा विंडोज ग्रबमार्फत सुरू केले, की विंडोजला संशय येतो आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी आकडा मागितला जातो. तो आकडा नसेल तर डिस्कवरचे काहीही मिळत नाही. दुरुस्ती करणाऱ्यालाही नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन तो पाहावा आणि कागदावर उतरवून घ्यावा. त्याच संगणकात साठवून ठेवू नये. आणि बिटलॉकर चालू ठेवायचेच असेल तर विंडोजची निवड ग्रबमधून न करता फर्मवेअरच्या यादीतून करावी.

मग यंत्र कोणत्या पद्धतीने सुरू होते ते पाहावे. विंडोजच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ अशी ओळ असते. तिच्यापुढे ‘यूईएफआय’ असेल तर लिनक्सचा पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू करावा. एक प्रणाली यूईएफआयची आणि दुसरी जुन्या ‘लेगसी’ पद्धतीची झाली तर एकीच्या यादीतून दुसरी बोलवता येत नाही. दरवेळी फर्मवेअरचे सेटिंग उलटसुलट करत बसावे लागते.

जागा मोकळी करायचे काम विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये करावे, लिनक्सवर सोडू नये. उबुंटूला किमान २५ जीबी लागतात असे सांगितले जाते. रोजच्या वापराला ६० ते १०० जीबी द्यावेत. विंडोज ११ ला ६४ जीबी किमान लागतात, म्हणजे १२८ जीबीच्या एसएसडीवर दोघांची दाटीवाटीच होणार. डेस्कटॉप असेल तर लिनक्ससाठी वेगळी छोटी एसएसडी घेणे सर्वांत निर्धोक. ती घेतली तर लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवावी. काही इन्स्टॉलर दुसरी डिस्क निवडली तरी सुरुवातीच्या फायली पहिल्या डिस्कच्या ईएसपीतच टाकतात आणि मग वेगळी डिस्क घेण्याचा हेतूच फसतो.

दोघांचा संसार

दोन प्रणाली एका यंत्रावर सुखाने राहतात, पण काही बारीकसारीक भांडणे ठरलेली आहेत.

पहिले भांडण घड्याळाचे. मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असे धरते. लिनक्स तीच जागतिक वेळ मानते. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर अनेकदा सकाळचे दहा वाजले असताना कोपऱ्यात साडेचार दिसतात. बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला की बॅटरी बदलायला दुकानात जाऊ नये, घड्याळ बिघडलेले नाही. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा एकदा दिली की दोघांचे एकमत होते. या आज्ञेवर लिनक्स एक इशारा देते, तो उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांमुळे. भारतात तसे काही होत नसल्याने इथे तो मनावर घेण्याचे कारण नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी मात्र उलट वाट धरावी आणि रजिस्ट्रीत नोंद करून विंडोजलाच जागतिक वेळ मानायला लावावे.

दुसरे भांडण ‘शट डाउन’चे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पुरती बंद होत नाही; स्वतःचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवते. अशा वेळी लिनक्समध्ये जाऊन विंडोजचा ड्राइव्ह उघडला तर फायली वाचता येतात पण लिहिता येत नाहीत, किंवा ड्राइव्ह उघडतच नाही. जबरदस्तीने उघडून लिहिले तर फायली खराब होण्याची भीती. गंमत अशी की ‘रीस्टार्ट’ने विंडोज पूर्ण बंद होते, ‘शट डाउन’ने होत नाही. त्यामुळे प्रणाली बदलायची असेल तेव्हा ‘रीस्टार्ट’च करावे; आणि कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करणे अधिक बरे. एसएसडी असेल तर फरक जेमतेम काही सेकंदांचा पडतो.

फायलींची देवाणघेवाणही एकतर्फी असते. लिनक्सला विंडोजचे एनटीएफएस पार्टिशन वाचता-लिहिता येते. विंडोजला लिनक्सचे ईएक्सटी४ मुळात दिसतच नाही. एक्सप्लोररमध्ये त्यावर ‘फॉरमॅट करायचे का’ असा प्रश्न आला तर उत्तर ‘नाही’. दोन्हींकडे लागणारे कागद विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवावेत आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहावा. तो दोन्हींकडे सारखाच दिसतो आणि इनस्क्रिप्टचा कीबोर्डही दोन्हींकडे तोच असतो. ब्लूटूथचा माउस मात्र प्रत्येक वेळी नव्याने जोडावा लागतो, कारण जोडणीची खूणगाठ प्रत्येक प्रणाली आपापली ठेवते.

यादी हरवली तर

काल ग्रब दिसत होता, आज यंत्र थेट विंडोजमध्ये गेले. सहसा विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर हे होते. लिनक्स गेले असे समजून ते पुन्हा टाकायला बसू नये. आधी फर्मवेअरची कळ दाबून पहिली यादी बोलवावी. तिच्यात उबुंटूचे नाव असेल तर सगळे जागेवर आहे, फक्त क्रमवारी बदलली आहे. सेटअपमध्ये जाऊन ते नाव वर सरकवले की झाले.

यादी आली पण लिनक्स निवडल्यावर सुरक्षेच्या धोरणाचा भंग झाल्याचा इंग्रजी संदेश येऊन यंत्र बंद पडले, तर प्रश्न सिक्युअर बूटचा असतो. फर्मवेअर फक्त सही असलेले कार्यक्रम सुरू करू देते, अशी ही व्यवस्था. लिनक्ससाठी मायक्रोसॉफ्टने सही केलेला ‘शिम’ नावाचा छोटा कार्यक्रम मध्ये असतो. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुने शिम नाकारायला सुरुवात केली आणि जगभर दोन प्रणालींच्या अनेक यंत्रांवर लिनक्स अडले. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जावे, ते पूर्ण अद्ययावत करावे आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे. बिटलॉकर असेल तर त्याआधी तो ४८ अंकांचा कागद हाताशी हवा.

काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे आणि पुढे लुकलुकणारी रेघ, हे सर्वांत घाबरवणारे दृश्य. पण त्याचे कारण बहुतेक वेळा माणसानेच घडवलेले असते. लिनक्स नको झाले म्हणून कोणीतरी विंडोजमधून त्याचे पार्टिशन थेट पुसून टाकलेले असते. ग्रबचा छोटासा आरंभ वेगळ्या जागी असतो आणि बाकीचे शरीर त्या पार्टिशनवर. आरंभ सुरू होतो आणि त्याला पुढचे काहीच सापडत नाही. यूईएफआयच्या यंत्रावर फर्मवेअरच्या यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडले की विंडोज सुरू होते. जुन्या बायोसच्या यंत्राला विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून सुरू करून पहिले ५१२ बाइट दुरुस्त करावे लागतात.

लिनक्स काढायचेच असेल तर क्रम असा ठेवावा: आधी फर्मवेअरमध्ये विंडोज पहिल्या क्रमांकावर आणावे, दोन-तीन वेळा ते नीट सुरू होते याची खात्री करावी, आणि मगच लिनक्सचे पार्टिशन पुसून ती जागा विंडोजला जोडावी. त्यानंतरही फर्मवेअरच्या यादीत उबुंटूचे नाव काही काळ दिसत राहते. ती ईएसपीतल्या एका छोट्या फोल्डराची उरलेली खूण असते. काढली नाही तरी काही बिघडत नाही.